एकाच रात्री, सगळं घर

तासगाव, पलूस, वाळवा या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी नोकरी केली. शिकवता शिकवता मुलांचे हात बघायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. वही पुढं करताना, खिचडीचं ताट धरताना बोटांच्या बेचक्या आपोआप समोर येतात. तिथं बारीक पुटकुळ्या दिसल्या, मनगटाच्या आतल्या बाजूला खाजवून खाजवून कातडी लाल झालेली दिसली, की मी आईला शाळेत बोलावून दोन गोष्टी विचारायची. पोर रात्री झोपेत खाजवतं का? आणि घरात अजून कुणाला खाज आहे का? पहिल्याचं उत्तर लगेच यायचं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा एकच असायचं, "न्हाई बाई, फक्त ह्यालाच हाय."

ते ऐकलं की मला काळजी वाटायची. मुलांच्या अंगावरच्या लागट रोगांमध्ये सगळ्यात जास्त मी खरूजच पाहिली, आणि खरूज एकट्या पोराची असलेली मला आठवत नाही. ती घराची असते. पोराची कातडी कोवळी, म्हणून तिथं आधी दिसते एवढंच. घरच्यांनी ती पोराची समजून एकट्या पोराला मलम लावलं की आठवडा-दोन आठवडे बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग औषधाला नावं ठेवली जातात, डॉक्टर बदलला जातो, आणि शेवटी "ह्याचं रक्तच खराब आहे" असा शिक्का त्या पोरावर बसतो. रक्ताचा इथं काहीएक संबंध नसतो. पण तो शिक्का बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती हात मागं लपवून उभी राहायची, ते बघून पोटात तुटायचं.

खरूज होते ती एका किड्यामुळं. सार्कोप्टिस स्केबिआय हे त्याचं शास्त्रीय नाव. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा करत जाते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. अंगभर खाज सुटलेल्या माणसाच्या शरीरावरसुद्धा असे किडे साधारण दहा-पंधराच असतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पण खाज किड्याच्या चावण्यानं होत नाही. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध आपलं शरीर पेटून उठतं, त्याची ती खाज असते. आणि शरीराला हे ओळखायला वेळ लागतो. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात.

या चार-सहा आठवड्यांतच सगळं घोडं अडतं. तेवढा काळ माणूस अगदी ठणठणीत दिसतो, त्याला काही जाणवत नाही, आणि तो दुसऱ्याला लागण देत असतो. "मला कुठं खाज आहे?" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच नसते. तरीही मलम त्यालाही लावायचं असतं.

हे मला पुस्तकापेक्षा जास्त २०१९ च्या पुरानं शिकवलं. त्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठची गावंच्या गावं उठून उंचावरच्या शाळांमध्ये आली, आमची शाळाही त्यातलीच. वर्गखोल्यांत सतरंज्यांवर तीन-चार कुटुंबं एकमेकांना चिकटून झोपायची. मिळेल ते पांघरूण, मिळेल ती कूस. पाणी ओसरलं, लोक घरी गेले, चिखल काढून झाला, गणपतीही उरकले, आणि मग वर्गातली मुलं खाजवायला लागली. तोवर पुराची आठवणसुद्धा कुणी या खाजेशी जोडत नव्हतं. बायका म्हणायच्या, पुराचं पाणी अंगाला लागलं तेव्हा काही झालं नाही, मग आता कसं? पण एकाच सतरंजीवर झोपलेल्या दिवसांपासून मोजलं, तर वेळ बरोबर जुळत होती.

माझ्या भावाच्या घरी खरूज आली ती एका थंडीत. तासगावकडं त्याची द्राक्षबाग आहे. थंडीचे दिवस म्हणजे बागायतदाराच्या घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. घड भरत असतात, भुरीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीची, भीती असते, फवारणीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. घरात माझी आई, भाऊ (त्याला सगळे अण्णाच म्हणतात, मीही), भावजय, भाचा, भाचेसून आणि तिची दोन मुलं. थोरली शाळेत जाणारी, धाकटा अजून अंगणवाडीतला. बागेतल्या खोलीत कामावरचं एक जोडपं राहतं, त्यांचीही मुलं आहेत. ती आणि ही पोरं दिवसभर एकत्रच.

धाकटा रात्री झोपेना. खाजवून खाजवून रडायचा. भाच्यानं गावातल्या दुकानातून एक ट्यूब आणली. खाजेवरची म्हणून मागितली आणि दुकानदारानं दिली. दोन दिवसांत लाली गेली, पोरगं झोपलं, सगळ्यांना हायसं वाटलं. आठवड्यानं पुटकुळ्या पोटावर, मांड्यांवर, तळव्यांवर पसरलेल्या दिसल्या. त्या ट्यूबेत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड असं सगळं एकत्र होतं. स्टेरॉइडनं शरीराचा विरोध दाबला, म्हणून खाज थांबली. किड्यांना मात्र मोकळं रान मिळालं. क्लोबेटासोल, बेटामेथासोन ही स्टेरॉइडची नावं ट्यूबवर वाचायला प्रत्येक आईबापानं शिकावं असं मला मनापासून वाटतं. २०१८ साली केंद्र सरकारनं स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती काउंटरवरून सहज मिळतात, आणि त्यांची सगळ्यात मोठी किंमत लहान मुलांची कातडी मोजते.

घरात दुसरंच काही चाललं होतं. भाचेसून दिवाळीला माहेरी जाऊन आली होती, तेव्हा खरूज "तिकडूनच आली" असं भावजयीनं शेजारी बोलून दाखवलं. ते पोरीच्या कानावर आलं. ती मला फोनवर म्हणाली, "आत्या, मी पोरांना रोज आंघोळ घालते हो. कपडे स्वच्छ असतात. तरी मलाच बोलतात." तिचा आवाज कापत होता. मी दुसऱ्या दिवशी सांगलीहून एसटीनं तिथं गेले, ते तिच्या त्या आवाजामुळं.

आईचे हात बघितले तेव्हा तिच्या मनगटांवर, काखेत, कमरेला जुने चट्टे होते. आई बरेच दिवस खाजवत होती. सगळ्यांनी ते म्हातारपणाची कोरडी कातडी म्हणून सोडून दिलं होतं, खोबरेल तेल लावून. म्हाताऱ्या माणसाची खाज कुणी मनावर घेत नाही. मग खरूज आईकडून आली का? तेही सांगता येणार नाही. आईला भेटायला येणाऱ्या बायका तिचे हात हातात घेऊन बसतात, बागेत मजूर येतात, थोरली शाळेत बाकावर चिकटून बसते. चार-सहा आठवडे मागं कोण कुणाच्या जवळ झोपलं याचा हिशेब कुठलंही घर लावू शकत नाही. मी भावजयीला एवढंच म्हटलं, कुणी आणली ते शोधण्यात औषधाचा दिवस वाया घालवू नकोस. ती गप्प राहिली, पण पुढं त्या पोरीला काही बोलली नाही.

तासगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी धाकट्याला बघितलं, आईला बघितलं आणि पर्मेथ्रिन ५ टक्के हे किडे मारणारं मलम लिहून दिलं. घरात माणसं किती, कुणाचं वय काय, कुणी गरोदर आहे का, कुणी अंगावर पाजते आहे का, हे सगळं विचारलं. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते, मुलांना कमी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे मलम लावत नाहीत, त्याच्यासाठी डॉक्टर गंधकाचं सौम्य मलम देतात. एवढ्या ट्यूबा एकदम घ्यायच्या म्हटल्यावर भाचा बिचकला. पैशाचा प्रश्न खराच असतो. पण एकट्याला आणून पुन्हा पुन्हा आणत बसण्यापेक्षा हे स्वस्तच पडतं. सरकारी दवाखान्यातही खरजेवर औषध मिळतं, हे ज्यांना परवडत नाही त्यांनी ध्यानात ठेवावं.

मलम आणलं, तोवर भावजयीनं घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी, पोरांची झबली अंगणात काढून चुलीवर पाणी उकळायला ठेवलं होतं. दोन दिवस ती धुवत होती. तिचे हात सोलवटले. आपल्याकडं खरूज म्हटलं की पहिला हल्ला गोधड्यांवर होतो, आणि सगळी ताकद तिथंच संपते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या शेफील्डला केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञानं खरजेवर मोठे प्रयोग केले होते. युद्धात लढायला सद्सद्विवेकानं नकार दिलेले तरुण त्यात स्वेच्छेनं सामील झाले होते. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली पांघरुणं आणि आतले कपडे त्यांना वापरायला दिले. तरीही त्यातून लागण झालेले फारच थोडे निघाले. माणसाच्या अंगाला अंग लागून, विशेषतः एका अंथरुणात झोपून, मात्र ती सहज पसरली. खाज सुरू व्हायला पहिल्या वेळी महिनाभर लागतो, हेही त्याच प्रयोगांतून नीट समजलं. माणसाच्या अंगावरून उतरलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणजे गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवल्या की झालं. जे धुता येत नाही, जाड रग, पोरांची कापडी खेळणी, ते मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून चार दिवस बाजूला ठेवलं की पुरे. घरात कीटकनाशक फवारायची गरज नाही, आणि जिथं बागेची औषधं घरात असतात तिथं हे ठामपणे सांगावं लागतं. गोधड्या धुतलेल्या चांगल्याच, पण एका माणसाला वगळून शंभर गोधड्या धुतल्या तरी खरूज राहते.

आमच्या घरात तो वगळला जाणारा माणूस अण्णा होता.

"आक्का, मला काय झालंय? पोरांचं बघा तुम्ही."

"अण्णा, ते पोरगं रात्रभर कुणाच्या कुशीत झोपतं?"

धाकट्याला आजोबांशिवाय झोप येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. अण्णा काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "सकाळी लवकर फवारणी हाय." मी म्हटलं, फवारणी एक दिवस पुढं जाऊ दे, नाहीतर भाचा जाईल, पण लावायचं ते सगळ्यांनी आजच रात्री. तू लावल्याशिवाय मी कुणालाच लावू देणार नाही. मोठी बहीण असण्याचा एवढा उपयोग मी आयुष्यात क्वचितच केला असेल.

त्या दिवशी स्वयंपाक लवकर झाला. संध्याकाळी सगळ्यांच्या कोमट पाण्यानं आंघोळी, अंग पूर्ण कोरडं आणि थंड होईपर्यंत थांबायचं, मग मलम. गरम पाण्यातून निघाल्या निघाल्या लावू नये. नखं सगळ्यांची कापली, कारण खाजवताना किडे आणि अंडी नखांत जातात, आणि नखांच्या खालीही थोडं मलम भरावं लागतं. बायका माजघरात, पुरुष सोप्यात. हनुवटीच्या खालपासून पायाच्या बोटांपर्यंत, एकही जागा न सोडता. लहान मुलांना डोक्याला आणि तोंडालाही, डोळे आणि ओठ सांभाळून, कारण त्यांच्यात खरूज तिथंही जाते.

ज्या जागा सुटतात त्या नेमक्या किड्याच्या आवडीच्या असतात. बेंबी. काख. बोटांच्या बेचक्या. धाकट्याच्या कमरेला करदोटा होता, त्याच्या खाली पुटकुळ्यांची रांग होती. करदोटा काढायला भावजय तयार नव्हती, मग तो वर सरकवून खाली चोळलं. थोरलीचे पैंजण काढले. आईच्या बांगड्या मनगटात रुतलेल्या, त्या एकेक सरकवत खालून मलम घातलं. परकराची नाडी जिथं बांधतो ती कंबर, छातीखालची घडी, मांडीचे सांधे, जननेंद्रिय, ढुंगण. या जागांबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून तिथं कुणी लावत नाही, म्हणून खरूज तिथं राहते. मी स्पष्ट नावं घेऊन सांगितलं. पहिल्यांदा सगळ्या बायका लाजल्या, नंतर आईनंच पुढाकार घेतला. ऐंशी उलटलेल्या बाईला लाजायचं काय राहिलं, असं म्हणाली आणि लुगडं सोडून बसली. आईच्या पाठीवरून हात फिरवताना तिची कातडी किती पातळ झाली आहे हे मला कळलं, आणि इतके दिवस ती काही न बोलता खाजवत होती हेही.

सगळ्यांना लावून झालं तेव्हा भाचेसून तशीच बसून राहिली होती. तिनं मुलांना लावलं, सासूला लावलं, आणि तिच्या पाठीला लावायला कुणी उरलं नव्हतं. घराघरांत हेच होतं. आई सगळ्यांना लावते आणि स्वतःचं कसंबसं उरकते, हात पोचेल तेवढंच. त्यातून बाईचे हात दिवसभर पाण्यात. रात्री एकदा उठून भांडं विसळलं, पोराला शी झाली म्हणून धुतलं, की हातावरचं मलम गेलं, ते पुन्हा लावलं पाहिजे. मी तिची पाठ, खांदे, मान सगळं नीट केलं. पदर घेता घेता ती म्हणाली, "आत्या, बागेतल्या ताईंनापण देऊया का? त्यांची पोरं रोज आमच्यात असतात." डॉक्टरांना फोन केला, त्या मुलांची वयं सांगितली, त्यांनी हो म्हटलं. भाच्यानं रात्रीच दुकान गाठून आणखी ट्यूबा आणल्या आणि बागेतल्या खोलीवर दिल्या. ही गोष्ट मला सुचली नव्हती. तिला सुचली.

मलम आठ ते चौदा तास अंगावर राहायला हवं, म्हणजे रात्रभर. सकाळी आंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेल्या चादरी. मग आठवड्याभरानं हे सगळं पुन्हा, तितक्याच निगुतीनं. पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून निघालेले किडे दुसऱ्या वेळी मरतात. बरं वाटायला लागलं की लोक दुसरी खेप टाळतात, आणि पुन्हा सुरू होतं.

या सगळ्यात भावजयीचे घरगुती उपाय होतेच, आणि त्यांची मी टिंगल करणार नाही. कडुनिंबाचा पाला घालून उकळलेल्या पाण्यानं आंघोळ, करंजेल तेल, हळद. सांगलीची माणसं हळदीवर विश्वास ठेवणार नाहीत तर कोण ठेवणार? कडुनिंब आणि हळदीचा लेप खरजेवर लावून बघितल्याचा एक प्राथमिक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला होता, ८१४ रुग्णांचा, आणि त्यात बहुतेकांना गुण आल्याचं नोंदलेलं आहे. पण पर्मेथ्रिन जितकं पारखून घेतलेलं आहे तितकं हे नाही, आणि खाजवून रक्त आलेल्या पोराच्या अंगावर प्रयोग करायचा नसतो. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाला, पोराला बरं वाटतं. मलमाच्या जागी मात्र नको.

गंधकाचं तसं नाही. गंधक हे खरजेवरचं जुनं आणि खरं औषध आहे. पण डॉक्टर देतात ते ठरलेल्या प्रमाणात, बहुतेक वेळा ५ ते १० टक्के, मलमात घोटलेलं, सलग तीन रात्री लावायचं. द्राक्षाच्या बागेत भुरीसाठी मारतात ते पाण्यात मिसळणारं गंधक त्यासाठी बनवलेलंच नसतं, त्यात इतर घटक असतात. आमच्या पट्ट्यात हे पोतं प्रत्येक शेडमध्ये असतं, आणि "गंधकच की ते" म्हणून पोराच्या अंगाला तेलात कालवून चोळलेलं मी पाहिलं आहे. पोराची कातडी भाजल्यासारखी झाली होती. उवांसाठी पिकावरची पावडर डोक्याला लावणं त्याहून घातक. शेतातली औषधं पोरांच्या अंगापासून लांब ठेवा, हे मी हात जोडून सांगते.

औषध लागू पडलं तरी खाज लगेच जात नाही. दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेले किडे आणि त्यांचे अवशेष कातडीत असतात आणि शरीर अजून त्यांच्याशी भांडत असतं. इथं आया घाबरतात आणि रोज मलम लावायला लागतात. त्यानं कातडी आणखी चिडते. खाजेवर डॉक्टर वेगळं औषध देतात. मात्र महिन्यानंतरही नव्या पुटकुळ्या येत असतील तर परत दाखवायला हवं, कारण कुणीतरी सुटलेलं असतं, किंवा मलम पुरेसं लागू पडलेलं नसतं. अशा वेळी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही देतात, पण १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहीत. म्हणून मोठ्यांची उरलेली गोळी अर्धी करून पोराला द्यायची नाही.

खाजवलेल्या जागी पू होणं, मधासारखी पिवळी खपली धरणं, ही दुसरी लागण. त्याला इम्पेटिगो म्हणतात, आणि ती खरजेशिवायही नाकाखाली, ओठांच्या कडेला होते. कोमट पाण्यानं खपली भिजवून हळू पुसायची, खरवडायची नाही, डॉक्टरांनी दिलेलं जंतूंचं मलम लावायचं, आणि त्या पोराचा टॉवेल वेगळा ठेवायचा. चार दोन फोड असतील तर एवढ्यानं भागतं. पण माझ्या वर्गात एक मुलगा होता, पायावर अशाच खपल्या होऊन गेलेला. खपल्या पडून गेल्या आणि तीन-एक आठवड्यांनी एका सकाळी तो डोळे सुजवून शाळेत आला. लघवी चहासारखी होते असं तो मित्रांना सांगत होता. मी त्याला वडिलांबरोबर त्याच दिवशी मिरजेच्या दवाखान्यात पाठवलं. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूच्या लागणीनंतर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती कातडीच्या साध्या दिसणाऱ्या फोडांनंतरही येते. मुलगा बरा झाला. पण तेव्हापासून पू झालेल्या फोडाला मी कधीच किरकोळ म्हटलेलं नाही. ताप आला, लाली पसरत गेली, तोंड सुजलं, लघवी गडद किंवा कमी झाली, तर घरचे उपाय थांबवायचे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गजकर्णाबद्दल थोडंच सांगते. गोल चट्टा, कडेला उठलेला, मधे कोरा होत जाणारा. बुरशीचा रोग. पावसाळ्यात टाकळ्याचा पाला चोळायची जुनी रीत आहे. पण आता पूर्वीसारखं साधं गजकर्ण राहिलेलं नाही. त्याच मिसळ ट्यूबांनी ते चिवट झालं आहे, आणि नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० साली जे नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, त्यात आपल्या देशाचं नाव आहे. डोक्यात चट्टा पडून केस तुटत असतील तर वरून मलम लावून उपयोग नाही, तोंडातून औषध लागतं. आणि फिकट चट्टा असेल, तिथं टोचलेलं कळत नसेल, तर ते गजकर्ण समजून बसू नये. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचं पूर्ण औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर पोर धडधाकट राहतं.

कांजिण्या आल्या की आमच्याकडं अजूनही "देवी आली" म्हणतात. खाटेशी कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी नाही, पाहुणा नाही. पोराला शांत, वेगळं आणि थंड ठेवण्याची ही रीत मला चांगलीच वाटते, कारण सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत कांजिण्या दुसऱ्याला लागतात. फक्त आंघोळ बंद करू नये, कोमट पाण्यानं घालावी, म्हणजे फोडांत पू होत नाही. तापाला पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन मुलांना अजिबात देऊ नये, आणि कांजिण्यांत आयब्युप्रोफेनही टाळावं.

लाज हा या सगळ्यातला सर्वांत चिवट भाग आहे, आणि त्यावर दुकानात काही मिळत नाही. १६८७ साली इटलीतल्या लिव्होर्नोमध्ये बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचा किडा बघून त्याचं चित्र काढलं. तो बघायचं त्यांच्या मनात आलं ते गरीब बायका आपल्या पोरांच्या कातडीतून टाचणीनं किडे काढून नखावर मारताना दिसल्या म्हणून. पुढं डॉक्टर मंडळीच हे विसरली. १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्यानं किडा काढून दाखवला, आणि तोही कॉर्सिका बेटावरच्या बायकांकडून शिकलेल्या रीतीनं. पोरांच्या अंगात काय आहे हे आयांना आधीपासून माहीत होतं. आज त्याच आयांवर अस्वच्छतेचा ठपका येतो. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. ती जवळीकीनं पसरते, कुशीत घेतल्यानं, हात धरल्यानं. पोराला जवळ घेणाऱ्या घरातच ती जास्त फिरते.

थोरलीच्या शाळेत कळवायचं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. पहिली खेप झाल्यावर दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाऊ शकतं, त्यामुळं न कळवता पाठवणं सोपं होतं. अण्णा म्हणाला, गावात नाव होईल. भाचा काहीच बोलला नाही. भाचेसुनेनं आधी बाईंना सांगितलं, मग वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की आमच्याकडे खरूज झाली होती, घरातल्या सगळ्यांनी औषध लावलं आहे, तुमची मुलं रात्री खाजवत असतील तर बोटांच्या बेचक्या बघा. ग्रुपवर कुणीच उत्तर दिलं नाही. रात्री मात्र तिला वेगवेगळे फोन यायला लागले, सगळ्या हळू आवाजात बोलणाऱ्या. ती प्रत्येकीला डॉक्टरांचा पत्ता, काय विचारायचं, किती ट्यूबा लागतील, कुठल्या जागा सोडायच्या नाहीत, हे सांगत बसली. एकीच्या घरी सासरे ऐकेनात, मला खाज नाही तर मी का लावू, असं म्हणत होते. ते अण्णांच्या ओळखीचे निघाले. संध्याकाळी बागेतून आल्यावर अण्णानं चहासुद्धा घेतला नाही, मोटारसायकल काढली आणि त्यांच्याकडं गेला.